ठेवू की काढू?

मॅडम, तुमची लाल-निळी पेन्सिल आता माझ्याकडे आहे. तुमच्या धाकट्या बहिणीने अंबरनाथच्या घरी बोलावून तुमची कापडी पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हा ती अगदी तळाशी होती, वह्यांच्या खाली. दोन्ही टोकं नीट तासलेली. लाल टोक निळ्यापेक्षा बरंच झिजलंय. लोक ठेवायला सांगतात त्यापेक्षा काढायलाच जास्त सांगतात, हे मी तुम्हाला अकरा वर्षं ऐकवत होतो. पुरावा तुमच्याच पिशवीत निघाला, आणि ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ असं म्हणायला समोर कुणी नाही.

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ऑफिसमधून एक नमुनाही मिळाला, त्यात जन्म, शिक्षण, पदं, शोधनिबंध असे रकाने आहेत. तो मी ड्रॉवरमध्ये सारून दिला. समाजशास्त्राच्या सुजाता गायकवाड मॅडम कोण, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना त्यातून काही कळायचं नाही. शिवाय मला तुमच्याविषयी लिहायचं नाहीये, तुमच्याशी बोलायचंय. शेवटचे आठ महिने आपण धड बोललो नाही. माझ्यामुळे.

सुरुवात आठवते? मी वाणिज्य शाखेत नवा होतो. करार म्हणजे काय, तो वैध कधी होतो, हे मुलांकडून घोकून घ्यायचो आणि स्टाफरूममध्ये त्याच तोऱ्यात बसायचो. तुम्ही डबा उघडता उघडता विचारलंत, ‘भोईर, हा तुमच्या पुस्तकातला करार कॅम्प चारच्या कारखान्यांत कुणी बघितलाय का?’ मी म्हटलं, ‘कायदा सगळीकडे सारखाच असतो, मॅडम.’ तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, ‘मग चला, दाखवा मला.’ डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवलीत, म्हणजे विषय पक्का झाला.

त्या पोळीवर अकरा वर्षं निघाली. दर शनिवारी तास संपले की आपण गल्ल्यांमधून फिरायचो. शिवणाचे कारखाने, चेन-बटणवाले, बिस्किटांचे साचे करणारे, पुठ्ठ्याचे डबे चिकटवणाऱ्या बायका. तुम्हाला कामावर कुणी घेतलं? काय बोलून घेतलं? कागद झाला का? तो वाचलात का? किती शिकलात? एवढेच प्रश्न. धंदा, कायदा आणि शाळा हे तीन विषय विद्यापीठाने तीन इमारतींत ठेवलेत, आपल्याला ते एकाच दहा बाय दहाच्या खोलीत सापडतात, असं तुम्ही म्हणायचात. मला तेव्हा ते टाळ्यांचं वाक्य वाटायचं. आता त्या खोल्याच आठवतात.

आणि तुमची ती पद्धत. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं. घरी जाऊन ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं. मग पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच माणसाकडे जायचं आणि त्याने सांगितलेलं त्यालाच वाचून दाखवायचं. प्रत्येक परिच्छेद झाला की थांबून विचारायचं, ‘ठेवू की काढू?’ ठेवा म्हटलं की समासात निळी खूण. काढा म्हटलं की लाल रेघ. त्या रेघेखालचं कुठे छापायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, आपसातही बोलायचं नाही. चेन विकणारे एक म्हातारे सिंधी गृहस्थ तुमचं वाचन संपल्यावर हात जोडून म्हणाले होते, ‘साईं, पुलिसवाले भी पढ़ के नहीं सुनाते.’ त्यांनी तीन परिच्छेद काढायला लावले आणि वर आपल्याला सरबत पाजलं. मला त्या तीन परिच्छेदांसाठी दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आपलं भांडण इथेच होतं. ‘मॅडम, माणूस पहिल्यांदा बोलतो ते खरं. दुसऱ्यांदा तो सावध होतो.’

‘हो ना. मग त्याला सावध व्हायची संधी द्यायला नको?’

‘अशाने संशोधनातला जीवच निघून जातो.’

‘भोईर, जीव त्यांचा आहे. तुम्ही फक्त पेन घेऊन आलाय.’

रिक्षातल्या तिसऱ्या सीटवरचा अनोळखी माणूस यावर हसायचा, आणि तुम्ही त्यालाच विचारायचात, ‘काय हो, माझं बरोबर की सरांचं?’ तो नेहमी तुमच्याच बाजूने बोलायचा. परवा मी त्याच रस्त्याने रिक्षाने आलो. तीन सीटा भरेपर्यंत रिक्षावाला थांबला होता, आणि मला उगाचच वाटत राहिलं की तिसऱ्या सीटवर तुम्ही याल.

तुम्ही आमच्या खरवईलाही आलात. गावाभोवती इमारती उठत होत्या, जमिनीचे कागद होत होते, आणि तुम्हाला त्या कागदांवर अंगठे उठवणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. पहिली बाई म्हणून माझ्याच आईला निवडलंत. मला ओटीवर बसवलंत आणि तुम्ही दोघी आत. तांदळाची भाकरी, सुकट आणि दोन तास गप्पा. पंधरा दिवसांनी वाचून दाखवायला आलात तेव्हाही मी बाहेरच. आतून एकदा आईचा हसण्याचा आवाज आला, एकदा बराच वेळ काहीच आवाज आला नाही. परतताना मी विचारलं, ‘काय म्हणाली आई?’ तुम्ही म्हणालात, ‘सुकट छान होती.’

आता शोभाचं. हे नाव खरं नाही, तिने स्वतः निवडलेलं आहे. कारखान्यात ती नेमकं कोणतं काम करायची ते मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

पहिल्या भेटीत शोभाने सांगितलं होतं की ती शाळेत गेलीच नाही, आणि आपल्या कागदावर ‘शिक्षण: नाही’ अशी नोंद होती. दुसऱ्या भेटीत ती जमिनीवर बसून गवार निवडत होती आणि तुम्ही समोरच्या स्टुलावर, कागद मांडीवर. तुमचा चष्म्याचा नंबर वाढला होता तो काळ. वाचताना एक ओळ गाळून तुम्ही खालच्या ओळीवर गेलात.

‘मॅडम,’ शोभा म्हणाली, ‘मधली लाइन सुटली.’

तिला कागद उलटा दिसत होता. हातातली शेंग तशीच. आपण तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग तिला हसू आलं. ‘गेले ना पकडली,’ ती म्हणाली. ‘बारावी आहे मी. कॉमर्स. पण तिकडे मी अनपढ आहे, मॅडम. सेठ माझ्यासमोर बिनधास्त कागद टाकतो टेबलावर. वाचता येतं कळलं ना, सगळं कपाटात जाईल.’ कामगारांच्या सह्या घ्यायचा कागद आला की ती तो जाता-येता बघून ठेवायची, आणि पाण्याच्या ड्रमपाशी बायकांना सांगायची की यात काय लिहिलंय, कशावर सही करताय. एकदा ‘आमची काहीही तक्रार नाही’ असं आधीच छापून आलं होतं. त्या दिवशी सगळ्या बायकांनी सही उद्या करतो म्हणून सांगितलं आणि तो उद्या कधी आलाच नाही. हे सांगताना तिचा चेहरा मॅट्रिकच्या निकालाला असतो तसा झाला होता. मग ती गंभीर झाली. ‘पण हे काढा हां. माझं काम जाईल.’ तिचं बोलणं तुम्ही कागदाच्या खाली टिपून घेतलं होतंत. लाल टोक पुढे केलंत आणि तो सगळा परिच्छेद तिच्यासमोर कापलात.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मला दम निघाला नाही. ‘मॅडम, अकरा वर्षांत असं काही हाती लागलं नव्हतं. शिक्षण लपवणारा कामगार! हे सगळ्यात मोठं—’

‘कुठलं?’ तुम्ही म्हणालात. ‘मला तर काही आठवत नाही.’ आणि रिक्षाला हात केलात.

तुम्हाला आठवत नव्हतं, पण मला विसरता येईना. सहा महिन्यांनी आपल्या दोघांच्या नावावर परिसंवादाचा निबंध जायचा होता. तुम्ही वाचून, दुरुस्त करून दिलात, आणि पाठवायच्या आदल्या दिवशी मी तो परिच्छेद पुन्हा आत घातला. शोभाला ‘मीना’ केलं. नाव बदललं की झालं, असं आम्हा अभ्यासकांना मनापासून वाटतं. कामाचं वर्णन मात्र बारकाईने ठेवलं, कारण बारकाव्याशिवाय निबंधाला वजन येत नाही. आणि ते काम करणारी बाई त्या अख्ख्या गल्लीत एकच होती. परिसंवादात अध्यक्षांनी नेमकं तेच निरीक्षण उचलून धरलं. मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. लेखक म्हणून मान द्यायचा म्हणून तुमचं नाव मी माझ्याआधी टाकलं होतं.

छापील पुस्तिका स्टाफरूमच्या टेबलावर पडलेली असायची. त्या कारखान्याचा हिशेब बघणारे गृहस्थ आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. त्यांनी चहा पिताना ती चाळली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना गंमत वाटली आणि ती त्यांनी सेठला सांगितली. आठवड्याभरात शोभाला निरोप गेला की उद्यापासून येऊ नको.

तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात तेव्हा मी पेपर तपासत होतो. ‘ती ओळ काढलेली होती,’ एवढंच म्हणालात.

‘नाव बदललंय ना, मॅडम.’

‘नाव बदललंत. बाई तीच ठेवलीत.’

तेव्हा मी ‘चूक झाली’ म्हणायला हवं होतं. दोन शब्द. त्याऐवजी मी तुम्हाला संशोधनाच्या नीतिमत्तेवर दहा मिनिटं ऐकवलं, पेपर तपासता तपासता. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि निघताना म्हणालात, ‘बरं, सर.’ दिवसभरात मला ‘सर’ म्हणणारे शेकडो असतात. तुमच्यासाठी मात्र मी आजवर नुसता भोईर होतो. त्यानंतर मी तुमच्यासाठी ‘भोईर सर’च राहिलो. शनिवार बंद झाले. शोभाकडे मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि मग एवढे दिवस झाले की जायची लाज वाटायला लागली.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी आलो होतो, पण तिघांना बरोबर घेऊन. एकट्याने यायची हिंमत नव्हती. सफरचंदं आणली होती. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, फार बारीक झाला होतात, आणि मी तुम्हाला परीक्षेच्या सुपरव्हिजनचं वेळापत्रक सांगत बसलो. कोणाला कोणती खोली, कोण रजेवर. तुम्ही मान हलवत होतात. निघताना दारातून वळून बघितलं तर तुम्ही हात वर केलात, ‘सावकाश जा, भोईर.’ पूल ओलांडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘सर’ गळलं होतं. तुम्ही मला माफ केलंत, की दम लागत होता म्हणून एक शब्द वाचवलात, हे मी रोज स्वतःला विचारतो. मागे फिरून तुम्हालाच विचारायला हवं होतं. त्यानंतर पाचव्या दिवशी फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलो होतो. वंदना झाली, लोक एकेक करून तुमच्या फोटोला फुलं वाहत होते. पांढऱ्या साडीतली एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. ‘ओळखलंत का, सर?’ शोभा होती. ती म्हणाली, ‘माझं काम गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मॅडम घरी आल्या. खाली बसल्या माझ्यासमोर. म्हणाल्या, शोभा, तू काढायला सांगितलेलं छापून गेलं, माझ्याकडून चूक झाली. मी लय रागवले, सर. नाय नाय ते बोलले त्यांना. त्या ऐकून घेत होत्या. नंतर दर रविवारी यायच्या. नवीन काम पण त्यांनीच बघून दिलं.’ मग ती फोटोकडे बघत म्हणाली, ‘पण मॅडमसारख्या बाईकडून असं कसं झालं, मला अजून कळत नाही.’

मी मान डोलावली. मॅडम, मी तुमच्या फोटोसमोर बसून त्यावर मान डोलावली.

तुमची पिशवी त्यानंतरच्या रविवारी मिळाली. वह्या एकेक करून बघत होतो, तर खरवईची वही हाताला लागली. आईचं पान. वर निळ्या खुणा, आणि खाली अर्धं पान लाल रेघेने कापलेलं. तुमची लाल रेघ म्हणजे नावाला रेघ, खालचं अक्षर न् अक्षर दिसतं. कापलेल्या भागातला पहिला शब्द होता, ‘महेशला’, म्हणजे मला. तिथून पुढे माझी नजर जाणार होती. इतक्या वर्षांपूर्वी आत आवाज थांबला होता तो याच जागी असणार. मी वही मिटली, परत उघडली, परत मिटली. शेवटी आईकडे घेऊन गेलो. तिला म्हटलं, ‘यात तू माझ्याविषयी काही सांगितलंयस. वाचू का?’ ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, ‘मॅडमनी इचारलं व्हतं, मी काढा म्हनलं. त्यांनी तुला सांगलं नाय ना? मंग तू कशाला उकरतंस?’ तिच्या आवाजात तुमच्याविषयीचा विश्वास होता आणि माझ्याविषयीची धाकधूक. त्या क्षणी मला शोभाचं काय गेलं होतं ते समजलं. काम गेलं ते वेगळंच. ते पान मी चुलीत घातलं. तुम्हाला आवडलं नसतं, तुम्ही वह्या जपायचात. पण माझा माझ्यावर भरवसा नाही, मॅडम.

शोभाच्या घरात, एका दहा बाय दहाच्या खोलीत, तुमच्या नावावर माझी चूक आहे. ती तिथेच राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. तुम्हीच ती तिथे नेऊन ठेवली होती, मला वाचवायला की शोभाला कुणावर तरी नीट रागावता यावं म्हणून, देव जाणे. तुम्ही असतात तर यावर आपण कल्याणपर्यंत भांडलो असतो. मला ते भांडण हवं आहे. मला तुमची पोळी, तुमचा चष्मा, रिक्षातली तुमची पंचायत, सगळं परत हवं आहे, आणि त्यातलं काही मिळणार नाही. ही एक गोष्ट तेवढी माझ्या हातात होती.

म्हणून या लेखाचा पहिला मसुदा घेऊन मी काल सकाळी शोभाकडे गेलो. तो दोनच पानांचा होता. निबंधाच्या प्रकरणावर त्यात एकच ओळ होती: ‘काढलेली ओळ मी छापली आणि शोभाचं काम गेलं, त्यात गायकवाड मॅडमचा काहीही दोष नव्हता.’ वर जे सविस्तर आलंय ते सगळं नंतरचं, आणि तेही आज तिला वाचून दाखवलंय. तिने दोन गोष्टी काढायला लावल्या, त्या इथे नाहीत. बारावीचं मात्र ठेवायला सांगितलं. ती आता जिथे काम करते तिथे वाचता येणं लपवावं लागत नाही.

तर काल. मी स्टुलावर बसलो, कागद मांडीवर. ती समोर जमिनीवर. तुमच्यासारखं थांबत, विचारत वाचत गेलो. ठेवा, ठेवा, ठेवा. त्या ओळीपाशी आलो आणि डोळे खालच्या ओळीवर गेले, तोंडही त्यांच्यामागे गेलं. चुकून झालं, असं तुम्हाला सांगू शकलो असतो तर बरं वाटलं असतं. चुकून झालं नाही.

‘सर,’ शोभा म्हणाली, ‘मधली लाइन सुटली.’

मी ती वाचली. परत एकदा, सावकाश वाचली. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी मशीन चालू होतं, ते थांबलं, परत सुरू झालं. खिशातून तुमची पेन्सिल काढली आणि विचारलं, ‘ठेवू की काढू?’

तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली. फिरवून निळं टोक पुढे केलं, कागद स्वतःकडे सुलट करून घेतला, आणि नुसती खूण न करता समासात लिहिलं, ‘ठेवा’.

तिचं अक्षर फार सुंदर आहे, मॅडम. तुम्ही बघायला हवं होतं.